पोटखराबा

पाच फुटांची एक काठी, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि शिंप्याची टेप. एवढंच सामान घेऊन गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर मी पुण्याच्या टेकड्यांवर काही सकाळी फिरलो. काठीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवायचं, वर बाटली आडवी ठेवायची, पाणी समपातळीत येईपर्यंत दुसरं टोक वर-खाली करायचं आणि मग त्या अधांतरी टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. टेप एक फूट भरली, तर तो उतार एकास पाच. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे त्या एका फुटाच्या अलीकडे घर, पलीकडे डोंगर.

टेप कधी चौदा इंच दाखवायची, चार पावलं सरकलं की नऊ, आणखी दहा पावलांवर सतरा. एकाच उतारावर, नजरेच्या एका टप्प्यात, नियमाने बांधता येईल अशी आणि येणार नाही अशी जमीन आलटून पालटून लागत होती. सुरुवातीला वाटलं, माझंच मोजमाप चुकतंय. मग थोडं मागे जाऊन समोरच्या टेकडीकडे नीट पाहिलं, तेव्हा कळलं. आपले डोंगर घसरगुंडीसारखे नाहीतच, ते जिन्यासारखे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसले. कठीण थराची उभी कड झाली, मऊ थराचा सपाट टप्पा झाला. दख्खनच्या या खडकाला भूशास्त्रज्ञ ट्रॅप म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलेला. जिन्याच्या प्रत्येक पायरीला सपाट भाग असणारच, आणि पाच फुटांच्या काठीने मोजलं तर तो भाग डोंगर ठरत नाही.

मग नकाशा काढला. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारांस एक प्रमाणाचा, वीस मीटरच्या समोच्च रेषांचा. एकास पाच उतार म्हणजे वीस मीटर उंचीला शंभर मीटर आडवं अंतर, आणि शंभर मीटर त्या कागदावर किती? दोन मिलिमीटर. दोन रेषांमध्ये दोन मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर डोंगर, जास्त असेल तर जमीन. अर्धा मिलिमीटर जाडीची पेन्सिल जराशी इकडे-तिकडे झाली, तर प्रत्यक्ष जागेवर पंचवीस मीटरचा फरक पडतो. शहराच्या कडेला पंचवीस मीटर म्हणजे एका इमारतीची अख्खी रुंदी. आज उपग्रहाच्या आणि ड्रोनच्या मोजणीने यापेक्षा पुष्कळ बारकाईने काम होतं हे खरं. पण आपल्या टेकड्यांचं भवितव्य ज्यांनी ठरवलं त्या कित्येक हद्दी जुन्या कागदावर, जुन्या पेन्सिलीने आखलेल्या आहेत.

मला मात्र पेन्सिलीची जाडी हा खरा प्रश्न वाटत नाही. प्रश्न असा आहे की, उतार ही एकच गोष्ट मोजून एखादी जमीन नवं बांधकाम सोसेल की नाही, हे कळतं का? शहराच्या कडेच्या जमिनीची सोसण्याची ताकद ओळखायची कशी, हेच या लेखात मला शोधायचं आहे. पुण्याचं उदाहरण घेतो, कारण या टेकड्यांवर मी वाढलो आणि त्यांच्याविषयी तटस्थ राहणं मला जमणार नाही.

महसुलाच्या दप्तरात या जमिनीला एक जुना शब्द आहे: पोटखराबा. सातबाऱ्यावर लागवडीखालचं क्षेत्र एका रकान्यात, पोटखराबा दुसऱ्यात. त्यातही अ आणि ब असे दोन वर्ग: अ म्हणजे खडक, कातळ, खाचखळग्यांची, लागवडीला न लागणारी जमीन, ब म्हणजे रस्ता, ओढा, नाला अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली. टेकड्यांवरचे कितीतरी सर्व्हे नंबर असे आहेत की त्यांचा बराचसा भाग या रकान्यात जातो. आकारणी शून्य, म्हणजे सरकारच्या लेखी उत्पन्न शून्य. 'खराबा' हा शब्द जमिनीला एकदा चिकटला की ती काहीच करत नाही, नुसती पडून आहे, असं सगळ्यांनाच वाटू लागतं. मालकाला वाटतं, तलाठ्याला वाटतं, आणि पुढे नगररचनाकारालाही वाटतं. पडून आहे, तर वापरा.

या शब्दामागे पुणे जिल्ह्याचाच इतिहास आहे. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीच्या प्रतवारीचं काम हाती घेतलं. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत मुंबई इलाख्यात पक्की झाली. मातीची खोली किती, पोत कसा, रंग कोणता, हे खड्डे खणून पाहायचं आणि आण्यांत प्रत ठरवायची. उत्तम काळी जमीन सोळा आणे, मग एकेक दोष निघेल तसे आणे कमी. चुनखडी असेल तर एक दोष, वाळू मिसळली असेल तर एक, पाणी साचत असेल तर एक. आणि जमीन उतरती असेल तर तोही दोष. मी ही पद्धत प्रथम वाचली तेव्हा थक्क झालो. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी, शेतागणिक, खड्ड्यागणिक, इतक्या चिकाटीने कुणी जमीन वाचली होती! पण वाचली ती एकाच प्रश्नासाठी: हिच्यातून सारा किती निघेल? ज्या जमिनीतून सारा निघणार नव्हता, तिच्यात कुणी खड्डा खणलाच नाही. टेकडी तेव्हापासून न वाचलेली राहिली.

ती वाचायला गेलं तर काय दिसतं?

वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, खाली शहर ५६० च्या आसपास. माथ्यावर माती वीतभरही नाही. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली फुटलेला, चिरांचा खडक, मग विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पुळ्यापुळ्यांचा थर, त्याखाली काळा पाषाण. मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा. पाऊस माथ्यावर पडतो. कुसळ आणि पवना या गवतांच्या बेटांमध्ये पाणी अडखळतं, मुरमात उतरतं, चिरांतून खाली सरकतं. तांबडा थर किंवा अखंड पाषाण लागला की त्याला खाली वाट मिळत नाही. मग ते आडवं चालू लागतं आणि डोंगराच्या कुशीतून, पायथ्याशी, पाझर होऊन बाहेर येतं. बावधनला राम नदीच्या काठाजवळ असाच एक झरा आहे. भर उन्हाळ्यात, आजूबाजूच्या सोसायट्यांत टँकरची रांग लागलेली असताना तो वाहतो. तिथले रहिवासी आणि पुण्यातले भूजलाचे अभ्यासक त्या झऱ्यासाठी झटत आले आहेत. झरा वाचवायचा म्हणजे त्याच्याभोवती कुंपण घालायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचं मूळ कुंपणात मावत नाही, ते वर टेकडीत आहे.

म्हणून या जिन्यातली सर्वांत हळवी जागा कोणती? उभी कड नव्हे. कडेवर पाणी थांबतच नाही. हळवी जागा म्हणजे वरचा सपाट माथा, जिथे पाणी मुरतं, आणि पायथा, जिथे ते बाहेर येतं. मी माथ्यावर काठी धरली तेव्हा टेपवर दोन इंच भरले. एकास पाचचा नियम या माथ्याला एका शब्दाने हात लावत नाही. पायथ्यालाही नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीत डोंगरमाथा-डोंगरउतार असा वेगळा विभाग आखला गेला, त्यात फक्त चार टक्के बांधकामाला मुभा ठेवली गेली, म्हणून माथे बचावले. तो शहाणपणा होता, आणि तो करणाऱ्यांचं ऋण मानलं पाहिजे. जिथे असा विभाग नाही, उताराची नुसती अट आहे, तिथे माथा मोकळा सुटतो. आणि उताराचं एक विशेष आहे: तो कापता येतो. पोकलेन रात्रभर चालला की सकाळी तिथे सपाट जमीन असते. मग मोजा.

थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. ते सगळं मुरत नाही. कातळ उघडा असेल तिथे तर फारच थोडं मुरतं. पण गवत त्याला रेंगाळायला लावतं, आणि ओढ्याच्या काठी राहणाऱ्याचा जीव त्या रेंगाळण्यावर अवलंबून असतो. तेच पंचवीस टँकर तासाभरात सावकाश उतरले तर ओढा फुगतो. पंधरा मिनिटांत एकदम आले तर भिंत पाडतात.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्याच्या दक्षिण भागातले लोक विसरलेले नाहीत. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो. पेशवाईत नानासाहेबांनी याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. वाटेत हवा सुटावी म्हणून ठेवलेले उच्छ्वास अजून काही ठिकाणी उभे आहेत. त्याच काळात ओढ्याची शहरातली वाटही वळवली गेली. म्हणजे हा ओढा शहराच्या ओळखीचा, शहराने हाताळलेला, शहराला पाणी पाजलेला. त्या रात्री तो अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या भागांत घराघरांत शिरला. भिंत पडून त्याखाली माणसं गेली. शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक जीव गेले. दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याइतकी होती. देव्हारा रेघेच्या वर होता, एवढंच त्या घरात कोरडं. गल्लीत गाड्या एकमेकींवर चढलेल्या, आणि सगळ्यावर एक तांबूस, चिकट, बारीक रेव्याचा थर. मी तो चिमटीत घेऊन पाहिला. तो मुरूम होता. नदीचा गाळ काळा असतो. हा वरून, उघड्या पडलेल्या डोंगरातून आलेला होता.

त्याआधी सहा वर्षं, जून २०१३ मध्ये, कात्रज घाटाच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ पुणे-सातारा महामार्गावर पावसाचा लोंढा आला आणि एक आई आणि तिचं लहान बाळ वाहून गेलं. वरचा डोंगर फोडलेला होता, पाण्याच्या जुन्या वाटा भरावात बुजल्या होत्या. या घटनेनंतर डोंगरफोडीवर शहरात पुष्कळ बोललं गेलं. आपल्याकडे संवेदनशीलतेचं मूल्यमापन होतंच नाही, असं म्हणता येणार नाही. ते होतं, पण पंचनाम्यात.

आधी करायचं तर कसं? जगात याची काही परंपरा आहे आणि ती फार अवघड नाही. इयन मॅकहार्ग हे मूळचे स्कॉटलंडचे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे भूदृश्यरचनाकार. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरून रिचमंड पार्कवे हा महामार्ग न्यायचा होता, तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती केली. उतार, माती, पाण्याच्या वाटा, जंगल, जुनी वस्ती, देखावा, अशा एकेका गोष्टीसाठी एक पारदर्शक कागद घेतला. जिथे त्या गोष्टीला धक्का लागेल तिथे गडद रंग, जिथे नाही तिथे फिका. सगळे कागद एकमेकांवर ठेवून प्रकाशाकडे धरले. जिथून उजेड येतो तिथून रस्ता जाऊ द्या. जिथे अंधार आहे तिथून नको. १९६९ च्या त्यांच्या पुस्तकाने ही पद्धत जगभर नेली, आणि आज संगणकावर भूमाहितीची जी थरांवर थर रचण्याची पद्धत आहे तिचे पूर्वज म्हणून मॅकहार्ग यांच्या कागदांकडेच बोट दाखवलं जातं. त्या युक्तीतली सर्वांत मोठी गोष्ट मला ही वाटते की, त्यात एक कागद दुसऱ्याला खोडत नाही. उतार कमी आहे म्हणून झऱ्याचा कागद फाडून टाकता येत नाही.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट गावांच्या नियोजनाचा नेहमीचा भाग झाली आहे. गावाच्या कडेची जमीन लहान तुकड्यांत वाटून घेतात आणि प्रत्येक तुकड्याचा आधी स्वभाव लिहितात, मग त्याचं मोल, मग बदलाने तो किती दुखावेल ते. त्यांच्या पद्धतीतला एक मुद्दा आपण उचलण्यासारखा आहे. जमीन नुसती 'संवेदनशील' नसते. ती कशासाठी तरी संवेदनशील असते. एखाद्या खोलगट पट्ट्यात झाडांच्या उंचीची चार घरं सामावतील, पण गोदामाची लांबलचक पत्र्याची शेड तिथलं सगळं बिघडवील. आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. डोंगराच्या पायथ्याशी शेतकऱ्याचा गोठा आणि घर, त्याच जागी बावीस मजली मनोरा, त्याच जागी डोंगर चिरून जाणारा रस्ता: तिन्हींना आपण 'बांधकाम' या एकाच शब्दात बसवतो आणि मग हो की नाही यावर भांडतो. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा वाद वर्षानुवर्षं चालला, २०२३ मध्ये हजारो लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. रस्ता हवा म्हणणारे वाहतुकीचे आकडे मांडत होते, नको म्हणणारे झाडं आणि मोर. मला सगळ्यात जास्त काळजी होती ती त्या कापलेल्या कडेची, जिथून आत चाललेलं पाणी उघड्यावर येईल आणि पावसाळी गटारातून निघून जाईल.

घरचंच उदाहरण सांगायचं तर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने हेच काम फार मोठ्या पटावर केलं होतं. साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या दोन हजारांहून अधिक चौकटी आखल्या, प्रत्येकीला उंची, उतार, स्थानिक वनस्पती, जंगलाची सलगता अशा निकषांवर गुण दिले आणि घाटाचे तीन स्तर सुचवले. २०११ च्या त्या अहवालावर किती धुरळा उडाला हे वाचकांना माहीत आहे. पण त्यातली एक सूचना धुरळ्यात हरवली: या मोठ्या चौकटी तात्पुरत्या आहेत, खरी हद्द छोट्या पाणलोटांनुसार आणि ग्रामसभांना विचारून ठरवा. शहराच्या कडेला तर नऊ किलोमीटरची चौकट कामाचीच नाही. तिच्यात कोथरूड, बावधन, पाषाण आणि वारजे सगळंच येईल. इथे ओढ्याएवढी चौकट हवी.

गोव्याने धाडस जास्त केलं. २००७ मध्ये लोकांच्या आंदोलनापुढे सरकारला प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला, आणि मग चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुविशारदाचा समावेश असलेल्या कृतिदलाने नवा आराखडा उलट्या बाजूने रचला. आधी काय वाचवायचं ते ठरवलं: जंगल, खाडीकाठची खाजन जमीन, भातशेती, पाणवठे आणि पंचवीस टक्क्यांहून तीव्र उतार. नंतर उरलं ते विकासाला. उताराच्या बाबतीत आपला एकास पाच, म्हणजे वीस टक्के, गोव्याहून कडक आहे. पण गोव्याची जमीन सरसकट वाचलेली होती, आपली फक्त मोजलेली. त्यांच्या आराखड्यालाही पुढे कायद्यातल्या नव्या कलमांनी भोकं पडत गेली, एकेक प्लॉट करत. ती कथा वेगळ्या लेखाची आहे.

पुण्याकडे परत येतो. १९९७ मध्ये आसपासची ३८ गावं महापालिकेत आली, काही पुन्हा वगळली जाऊन २३ राहिली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवरचं ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यान म्हणून राखून ठेवावं, असा विचार पुढे आला. शहरात सगळे त्याला बीडीपी म्हणतात. नागरिकांनी त्यासाठी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी तो विषय वर्षानुवर्षं सोडला नाही. राज्य सरकारची मान्यता आली २०१५ मध्ये. मधली वर्षं टेकड्या कोरत नेणाऱ्यांना पुरेशी होती. मघाचा हिशेब लावला, तर ९७८ हेक्टरवर एका तासाच्या पंचवीस मिलिमीटर पावसाचं पाणी होतं २४ कोटी ४५ लाख लिटर. हे पाणी कुणी धरायचं, हा खरा आरक्षणाचा विषय. 'उद्यान' या शब्दाने तो झाकला गेला. उद्यान म्हटलं की लोकांना कमान, कारंजं आणि लॉन दिसतं.

आणि इथे दुसरी बाजू मांडायलाच हवी, कारण ती खरी आहे. टेकडीखालच्या एका जुन्या गावात मी एका शेतकरी घरात बराच वेळ बसलो. आजोबांच्या नावावरची खालची सपाट जमीन आधीच विकली गेली होती, मुलींच्या लग्नात, एका आजारपणात. वरची राहिली. ती बीडीपीत गेली. मोबदला म्हणून ठरला आठ टक्के टीडीआर, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. म्हणजे एक एकर जमिनीला, ४३,५६० चौरस फुटांना, साधारण साडेतीन हजार चौरस फुटांचा हक्क. शेजारी कुणी गुंठेवारीत एक गुंठा घेऊन चार खोल्या बांधल्या असतील, तर त्याच्या वाट्याला ८७ चौरस फूट. एका न्हाणीघराची आणि मोरीची जागा. त्या घरातल्या कर्त्या माणसाचं म्हणणं सरळ होतं: पाणी सगळ्या शहराचं, हवा सगळ्या शहराची, मग डोंगर राखण्याचा खर्च एकट्या आमच्या सातबाऱ्यावर का? मला त्याचं उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. जी जमीन शहरासाठी काम करते तिच्या मालकाला त्या कामाचे पैसे मिळत नाहीत, तोवर तो रात्री पोकलेन बोलावणाऱ्याला नाही का म्हणेल? २०२५ मध्ये राज्य सरकारने बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार या दोन्हींचा फेरविचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला. त्यात मोबदल्याचा प्रश्न सुटावा, असं मला मनापासून वाटतं. तो सोडवण्यासाठी टेकडीचाच तुकडा मोबदला म्हणून देऊन टाकू नये, असंही तितक्याच मनापासून वाटतं.

आणखी एक तक्रार आपल्याच माणसांविषयी. टेकडी वाचवायची म्हणजे झाडं लावायची, असं आपण धरून चाललो आहोत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली, ती झपाट्याने वाढली, हिरवी दिसली, सगळे सुखावले. तिच्याखाली गवत उरलं नाही. इथला मूळ स्वभाव मोकळ्या माळाचा: गवत, मध्ये सालई, मोई, मेडशिंगी, हिवर, उन्हाळ्यात पिवळ्या फुलांनी पेटलेला गणेर. पहिल्या पावसानंतर फोडशी, मग कळलावी, श्रावण संपता संपता सोनकी. चंडोल आणि तितर गवतात घरटं करतात, झाडीत नाही. हा माळ वर्षातले आठ महिने वाळलेला दिसतो आणि म्हणून तो कुणालाच राखण्यासारखा वाटत नाही. महसूल खातं त्याला खराबा म्हणतं, वृक्षप्रेमी उजाड म्हणतात. बिल्डरचं काम दोघं मिळून सोपं करतात. मूल्यमापनाची सुरुवात स्वभाव लिहिण्यापासून का व्हायला हवी, ते इथे कळतं. माळाला जंगलाच्या फुटपट्टीने मोजलं की तो नापास होतो.

मला विचाराल तर कागद चार पुरेत. पहिला पाण्याचा: माथा, मुरण्याच्या जागा, झरे, ओढे, अगदी पावसाळ्यापुरते वाहणारेसुद्धा. दुसरा मातीचा आणि खडकाचा: कुठे कापलं तर कडा सुटेल. तिसरा जिवांचा. चौथा नजरेचा, आणि हा शेवटचा कागद आपण कधीच काढत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेलं की दक्षिणेला तळजाई, मागे कात्रजची रांग, तिच्या टोकाला सिंहगड. ही आकाशरेषा हेच या शहराच्या माणसाचं दिशाज्ञान आहे. सिंहगड कुठे दिसतो त्यावरून पूर्व-पश्चिम सांगणारी माणसं अजून आहेत. ती रेषा एका मनोऱ्याने कापली तर कुठल्या नियमाचा भंग होतो? एकाही नाही. कारण ती कुणी नकाशावर काढलेलीच नाही.

हे काम करायला वेळ आहे का? फार नाही. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पालिकेत आली, शहराचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. सिंहगड आणि कात्रजच्या रांगेचा पायथा, तिकडचे ओढे, माळ आता शहर झाले आहेत, निदान कागदावर. हद्द सरकली की रंग भरायची घाई होते: पिवळा, निळा, हिरवा. ते चार कागद आधी उजेडाकडे धरले गेले, तर रंग वेगळे पडतील. पुण्यात भूशास्त्राचे, वनस्पतीशास्त्राचे, भूगोलाचे विभाग आहेत, इथली विद्यार्थी मंडळी दरवर्षी टेकड्यांवर प्रकल्प करतात, पक्षी मोजतात, झरे शोधतात. ती वह्या-प्रबंधांची माहिती आराखडा करणाऱ्या टेबलापर्यंत पोचायला शहराच्या आत दहा किलोमीटरचं अंतर आहे.

काही वर्षांपूर्वी एका आराखड्याच्या हरकतींच्या सुनावणीला मी बसलो होतो. लांबलचक हॉल, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात टोकन. बहुतेक लोक आपापल्या जमिनीवरचं आरक्षण उठवा म्हणायला आलेले. एका मागोमाग एक नंबर पुकारले जात होते आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच होता. साठीच्या पुढच्या एका बाई पुढे झाल्या. त्यांच्या हातातल्या अर्जात डोंगराच्या एका तुकड्याचा झोन बदलू नये, एवढंच लिहिलं होतं.

"सर्व्हे नंबर?" समोरून विचारलं गेलं.

बाईंनी जरा थांबून सांगितलं, त्यांची तिथे जमीन नाही. मग कुठे आहे? कुठेच नाही, भाड्याचं घर आहे, खाली, ओढ्याच्या कडेला. तिथलं पाणी तिथून येतं, म्हणून आल्या. समोरच्या माणसाने अर्ज उलटून पाहिला, नकाशा पुढे ओढला, आणि घर दाखवा म्हणाला. बाईंचं बोट डोंगरावरून निघून ओढ्याच्या निळ्या रेषेने खाली खाली येत गेलं आणि कागदाच्या कडेपाशी येऊन थांबलं. घर पुढच्या कागदावर होतं.